माहेरच्या वाटेची बटणं

"तिरकं चाललं की लवकर पोचतंय व्हय रं?"

आईनं हे विचारलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. कॉम्प्युटरवरच्या खेळातलं माणूस बटणांवर कसं चालतं, ते लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यात नवशिकी पोरं एक चूक हमखास करतात. पुढे जायचं बटण आणि बाजूला जायचं बटण एकदम दाबलं, की दोन्ही वेग एकात एक मिळतात आणि माणूस तिरकं जाताना सरळ जाण्यापेक्षा भरभर पळतं. यावरून मी ऑफिसातल्या पोरांना चांगलं फैलावर घेतो. आता घाईघाईत तीच चूक माझ्याकडून राहिली होती आणि आई पडद्यावरच्या बाईला भाताच्या खाचरांमधून नागमोडी पळवत होती.

"उद्या नीट करतो," मी म्हणालो.

"कशापायी? म्हायेरला जाताना सरळ कोण चालतंय?"

मी ऐकलं नाही. धंद्याची सवय. दुसऱ्या दिवशी वेग सारखा करून दिला. आईनं दोन्ही बटणं दाबली, जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आज हिचं पाय जड झाल्यात." तिचा चेहरा असा उतरला की मी मुकाट्यानं ती चूक परत घातली. चूक मुद्दाम घालायची ती माझी पहिलीच वेळ.

हे सगळं सुरू झालं ते आईला लकवा झाला त्यानंतर. आम्ही लोणावळ्याचे, कुसगावच्या अंगाला राहतो. वडील इथल्याच एका हॉटेलच्या भटारखान्यात होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आई, मी आणि बायको. लकव्यात आईचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभ जड झाली, पण थांबली नाही. ती देवाची कृपा होती की आमची परीक्षा, ते ठरवायचं राहूनच गेलं.

व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. डावा हात तरी आखडू नये म्हणून तिनं आईला दाबायला रबरी चेंडू दिला. आईनं तो खिडकीतून बाहेर टाकला. मी उचलून आणला, तिनं परत टाकला. "मी काय ल्हान प्वार हाय?" म्हणे. तिसऱ्यांदा मी तो उचलायला गेलोच नाही. शेजारचं कुत्रं घेऊन गेलं.

तिला एकच हवं होतं, ते म्हणजे माहेरी जायचं. तिचं माहेर आंदर मावळात. एसटीच्या फाट्यावर उतरून ओढा ओलांडायचा, करवंदीच्या जाळ्यांतून वर चढायचं, भैरोबाच्या दगडाला हात जोडायचे, मग खाचरांच्या बांधावरून थेट दारात. चांगली लांब चाल होती. आई ती दर वर्षी दिवाळीनंतर चालत जायची. भात झोडून झालेलं असायचं, अंगणापुढं खळं सारवलेलं असायचं. आई तोवर माहेर, असं लोक म्हणतात. हिची आई हिच्या लग्नानंतर दोन-चार वर्षांत वारली, तरी हिनं जाणं सोडलं नाही. पुढं भाऊ वारला, भाचे तळेगावला राहायला गेले, जमीन विकली. कुणीतरी तिथं बंगले बांधायला प्लॉट पाडलेत, एवढंच आमच्या कानावर होतं.

"मला एकदा घेऊन चल," आई रोज म्हणायची. मी टाळत होतो असं नाही, पण बंगले बघून तिला त्रास होईल असं वाटायचं. शेवटी एका रविवारी गाडीत बसवून नेलीच. फाट्यापासून आता पक्का रस्ता झालाय, थेट जातो. ओढ्यावर मोरीचा पूल. जाळ्या कुठं गेल्या कोण जाणे. भैरोबाचा दगड होता तिथं कुंपणाची भिंत आणि लोखंडी फाटक. वॉचमन खिडकीपाशी आला. चांगला होता बिचारा, अदबीनं विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "कुनाला भेटायचं न्हाई. घरी जायचंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवली आणि गाडी वळवली. कामशेत येईपर्यंत आई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्यानं इचारलं ते बराबर हाय. तितं कुनी न्हाईच भेटायला." मला तिचं सांत्वन करता येत नव्हतं. मला येतं काय, तर बटणावर माणूस चालवता येतं.

म्हणून मी तेच केलं. आईनं वाट सांगायची आणि मी ती पडद्यावर उभी करायची. ओढा इकडून तिकडं जातो का तिकडून इकडं, यावर आमची भांडणं झाली. जांभळीचं झाड मी डाव्या हाताला लावलं, ते तिनं उपटायला लावून उजव्या हाताला आणलं. हिरव्या लुगड्यातली एक बाई केली, पायात चपला, हातात पिशवी. "पिशवीत काय हाय?" आईनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, नुसती पिशवी आहे. "मोकळ्या हातानं जायाचं व्हय म्हायेरला? लोनावळ्याची चिक्की घाल." आता पिशवीच्या आत काय आहे ते कुणाला दिसणार? पण मी पिशवी जरा फुगवली. तेव्हा कुठं तिला बरं वाटलं.

बटणांचा प्रश्न सोपा वाटला होता. खेळणारी माणसं डाव्या हातानंच चालवतात, कीबोर्डवरची चार बटणं बोटांखाली येतात, पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं. आईचा डावा हात शाबूत. पण तिला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. बायकोनं तोड काढली. टिकल्यांचं पाकीट आणलं आणि चार बटणांवर टिकल्या चिकटवल्या. पुढं जायला लाल, मागं यायला हिरवी, बाजूच्या दोन्ही काळ्या.

आई बघत होती. म्हणाली, "बरं झालं, माझ्या वाटच्या टिकल्या तेला तरी लागल्या."

बायकोनं पाकीट मिटलं. मग उठून चहा ठेवायला गेली.

खरी पंचाईत पुढंच होती. आईचं बोट बटणावर जायचं, पण लवकर उचललं जायचं नाही. बोट दाबलेलं, म्हणजे बाई चालतेय. ती ओढ्यापाशी यायची आणि थांबायचं सोडून सरळ डोहात शिरायची. "आरं धर की तिला! बुडतीय!" आई ओरडायची. मी उगाच पडद्याकडं हात करायचो. पाण्यात बुडणं मी लिहिलंच नव्हतं, बाई पाण्याखालून शांतपणे चालत पलीकडं निघायची. तरी आईच्या जिवाचं पाणी व्हायचं.

मी उपाय केला. एकदा बटण दाबलं की एकच पाऊल, बोट कितीही वेळ राहो. मला वाटलं, काय अक्कल लढवली. आईनं लाल टिकली दाबली. बाई एक पाऊल टाकून थांबली. परत दाबली, परत एक पाऊल. आईनं हात काढून मांडीवर ठेवला.

"ही बी लकव्याची केलीस व्हय?"

"अगं, तुझं बोट..."

"माझं बोट मेलं असंल. तिचं पाय धड हायेत ना? मी हाय तशी तिला कशाला केलीस? चालंल तर नीट चालू दे."

मला एवढं लागलं की मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. रागही आला होता, खोटं कशाला बोलू. मग परत येऊन बसलो आणि दुसरी रीत लिहिली. एकदा दाबलं की बाई चालायला लागणार, परत दाबलं की थांबणार. बोट उचलायची घाई नाही. बाई मात्र धडधाकट, पदर खोचून तरातरा. आई फाट्यावरून निघाली ती ओढ्याच्या काठावर बरोबर थांबली. माझ्याकडं बघून हसली. लकव्यानं तिचा ओठ एका बाजूला ओढला होता, त्यामुळं हसू अर्धंच यायचं. त्या दिवशी मला ते पूर्ण दिसलं.

त्यानंतर ती रोज जायची. बायको शाळेत शिकवायला गेली आणि मी आतल्या खोलीत कामाला बसलो, की बाहेरून टकटक ऐकू यायची. मधेच हाक यायची, "आलं रं भैरोबापाशी!" माझी पुण्याच्या माणसांशी मीटिंग चालू असायची. त्यांनी एकदा विचारलं, भैरोबा कोण? मी म्हटलं, आमचे साहेब आहेत.

घोडं अडलं ते खळ्यापाशी. घराच्या दाराशी जायचं तर वाट खळ्यातूनच. आई खळ्याच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. मी म्हटलं, जा की पुढं. तिनं मान हलवली.

"हिच्या पायात चपला हायेत."

"मग?"

"मग काय? खळ्यात चपला घालून जायाचं? जितं लक्षुमी पडती तितं?"

"आई, खेळ आहे तो."

"खेळ हाय म्हून काय झालं? आई दारात उभी असंल, तिला काय वाटंल? सासरला जाऊन समदं इसरली?"

खळं मीच केलं होतं, मधला तिवड्याचा खांब रोवला होता, शेणानं सारवल्यासारखा रंगही दिला होता. पण मी लोणावळ्यात वाढलेला. चपला काढायचं बटण मला सुचलं नव्हतं. आईनं मनगट उचलून मागं घेतलं ते घेतलंच. बटण होईपर्यंत तिनं त्या बाईला खळ्याच्या कडेला उभी ठेवली. मग खालचं लांबट बटण मी त्या कामाला लावलं. अंगठ्यानं दाबलं की बाई वाकून चपला काढते, त्या तिथंच कडेला राहतात. परतताना तिथं येऊन दाबलं की पुन्हा घालते.

आईच्या खऱ्या चपला दाराआड होत्या. लकव्यानंतर तिनं त्या घातल्याच नव्हत्या. बायको एकदा म्हणाली, आई, या कुणाला देऊन टाकू का? "ऱ्हाऊ दे," आई म्हणाली, "म्हायेरला जायाला लागतील." बायकोनं त्या पुसून परत जागच्या जागी ठेवल्या.

तर बाई चपला काढून खळं ओलांडून दारात पोचली. मला वाटलं, आता आई आत शिरणार. घराच्या आतलं मी अजून काही केलं नव्हतं. आमच्या धंद्यात रीत अशी, की उंबरा ओलांडला की अंगणातलं माणूस काढून टाकायचं आणि आतल्या जागेत उभं करायचं. काढून टाकायचं मी लिहिलं होतं, उभं करायचं राहिलं होतं, कारण उभं करायला घरच नव्हतं. मी आईला तसं सांगितलं, आत जाऊ नकोस, चूल, कणगी, सगळं मी मागून करतो.

पण ती आत जातच नव्हती. ती दारात थांबली होती.

"कुनी आलं न्हाई भाईर," ती म्हणाली.

लेक माहेरी आली की तिला दारातच थांबवतात. आतून कुणीतरी भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन येतं. तुकडा तिच्यावरून ओवाळून बाजूला टाकतात, डोळ्यांना पाणी लावतात, पायांवर पाणी घालतात. मगच आत. सबंध वाटेवर मी एकच माणूस केलं होतं. घरात कुणीच नव्हतं.

"तुझ्या आईला करतो," मी म्हणालो. "कशी होती सांग."

आई भरभर सांगायला लागली. हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. उंची बेताची. लुगडं नेहमी गुडघ्यापाशी ओलं. आणि तोंड? आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. फोटो नव्हता. त्या काळी त्या डोंगरात कोण फोटो काढणार?

मी एक चेहरा करून दाखवला. "ही न्हाई." दुसरा केला, नाक जरा बसकं. "ही बी न्हाई." मी आईच्याच चेहऱ्यावरून एक केला, सुरकुत्या कमी करून. ती खूप वेळ बघत राहिली. "ही तर मीच हाय की रं." कितीतरी चेहरे झाले. आई थकून गेली. माझ्याही नाकी नऊ आले. ऑफिसचं काम बाजूला पडलं म्हणून बोलणी खाल्ली.

एक दिवस ती रडायलाच लागली. लकव्यापासून मी तिला रडताना बघितलं नव्हतं. फाटकापाशीही ती रडली नव्हती. "आईचं त्वांड इसरले मी," ती म्हणाली. "आसं कुनी इसरतं का रं? लेक हाय मी तिची." तिचा डावा हात मी धरला. मी नुसतं "आई, आई" म्हणत राहिलो, लहानपणी म्हणायचो तसं.

नंतर दोन दिवस तिनं टिकल्यांना हात लावला नाही. पडद्यावर ती बाई दारात उभी. मी बंद करायला गेलो तर "ऱ्हाऊ दे, उभी असू दे," म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी तिचे केस विंचरत होतो, बायको शाळेत होती म्हणून ते माझ्याकडं. एकदम म्हणाली, "त्वांड नगंच दाखवू."

"म्हणजे?"

"वाकलेली असू दे. पायावर पानी घालताना वाकतीच की बाई. डोईवर पदर आसतोय. मला तिचं हातच दिसायचं. हात पक्कं ठावं हायेत मला."

मी उडालोच. किती सोपं होतं! मी म्हटलं, आई, चार दिवस दे, मस्त करतो. "कर निवांत," ती म्हणाली. "ती काय पळून चाललीय? मी बी हितंच हाय."

तेवढे दिवस मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं चहा बशीत ओतून तिच्यापुढं धरला होता. आईनं एक घोट घेतला, दुसरा ओठातून खाली गळला. बायकोनं हाक मारली, मी धावत आलो. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. दवाखान्यात न्यायच्या आतच संपलं होतं सगळं.

माणसं आली, गेली. भाचे तळेगावहून आले, खूप रडले, चांगली मुलं आहेत ती. तेरावा झाला. मी कामावर रुजू झालो आणि कामात मन लागेना म्हणून आजीला करायला घेतलं. वाकलेली बाई, डोईवर पदर, हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा. हिरव्या बांगड्या. मनगटावर डाग कुठं होता हे आईनं सांगितलेलं पाठ होतं. हात करताना मी हमसाहमशी रडलो, आणि करत राहिलो. तिला बोलवायला बटण ठेवलं नाही. लेक दारात आली की तिनं आपणहून बाहेर यायचं.

झालं तरी मी ते चालवून बघितलं नाही. रोज उद्या, उद्या. एका संध्याकाळी बायको वह्या तपासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आईंना आत घ्या हो आता. किती दिवस दारात उभ्या राहतील?"

मी आईच्या जागेवर बसलो. चारही टिकल्या होत्या. लाल टिकलीची कड झिजून गेली होती. पडदा उघडला. आईनं जिथं सोडली होती तिथंच ती बाई उभी होती. मागं खळ्याच्या कडेला चपला. तिनं त्या काढल्या त्या दिवसापासून तिथंच होत्या.

दारातून आजी वाकलेलीच बाहेर आली. तुकडा ओवाळला, बाजूला टाकला. डोळ्यांना पाणी लावलं. मग आणखी वाकली आणि पायांवर पाणी घातलं. हात अगदी तसे आले होते, आईला आवडले असते. बायको माझ्या मागं येऊन उभी राहिली होती, तिनं माझा खांदा घट्ट धरला. आजी बाजूला सरली, वाट मोकळी करून दिली.

मी लाल टिकली दाबली. बाईनं उंबरा ओलांडला. तिच्या मागोमाग आजी आत गेली.

अंगण रिकामं झालं. मी वाट बघत बसलो, कशाची ते मला कळत नव्हतं. मग आठवलं. आतलं घर मी केलंच नव्हतं, तिला उभं करायला जागाच नव्हती.

मी हिरवी टिकली दाबली. परत दाबली. दारात कुणी आलं नाही. खळं, तिवडा, जांभळ, सगळं होतं तसं होतं.

"आई," मी म्हणालो, "अगं, चपला राहिल्या तुझ्या."